फादरांना केव्हा बोलवावे?



आपल्या घरात बाळ जन्माला आले की बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आपण लगबगीने धर्मग्रामाच्या कचेरीत येतो. धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, बाळाचे नाव काय, सारे आधीच ठरलेले असते. प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवसासाठी मुलांचे पांढरेशुभ्र कपडे महिनाभर अगोदर शिवायला टाकलेले असतात. दृढीकरणासाठी बिशप येणार म्हटले की सारे चर्च लखलखीत होते. विवाहाबद्दल तर बोलायलाच नको. हॉल वर्षभर आधी ठरतो आणि मग त्या तारखेला चर्च मोकळे आहे का, हे विचारायला आपण येतो. (हा क्रम उलटा असायला हवा असे आम्हांला वाटते; पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)

एकच संस्कार असा आहे की ज्याला आपण बहुतेक वेळा उशिरा पोहोचतो. तो म्हणजे आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार.

रात्री दीड-दोन वाजता धर्मग्रामाच्या घरातील फोन वाजतो. "फादर, लवकर या, डॉक्टरांनी हात टेकले." आम्ही पोहोचतो तेव्हा आजारी माणूस शुद्धीवर नसतो. डोळे मिटलेले, श्वास घरघरणारा, भोवती रोझरी म्हणणारी माणसे. आम्ही तेल लावतो, प्रार्थना म्हणतो, आणि 'आमेन' म्हणतात ते घरातले लोक. ज्याच्यासाठी हा संस्कार आहे तो माणूस ते 'आमेन' म्हणू शकत नाही. चौकशी केल्यावर कळते की आजार चार महिने चालला होता, दोनदा इस्पितळात नेऊन आणले होते, महिनाभर तर ते अंथरुणाला खिळूनच होते. मग त्या चार महिन्यांत बोलावले का नाही? उत्तर ठरलेले असते: "फादर, तुम्हांला पाहिल्यावर ते घाबरले असते."

ह्या एका वाक्यावर आज आपण थोडा विचार करू या. कारण संस्कार म्हणजे काय, हे आपल्याला कितपत समजले आहे त्याची कसोटी ह्याच वाक्यात लागते.

प्रभू येशू ह्या पृथ्वीवर वावरत असताना त्याने माणसांना नुसते शब्द दिले नाहीत. त्याने कुष्ठरोग्याला हात लावला. आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला. पेत्राची सासू तापाने पडली होती तेव्हा तिच्याजवळ जाऊन, तिचा हात धरून त्याने तिला उठवले, आणि ती उठून सर्वांची सेवा करू लागली (मार्क १:३१). प्रभू स्वर्गात गेल्यावर हा स्पर्श संपला का? पाचव्या शतकातील पोप, थोरले संत लिओ ह्यांची शिकवण अशी आहे की, आपल्या तारणाऱ्याच्या ठायी जे डोळ्यांना दिसत होते ते आता संस्कारांमध्ये आले आहे. पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल, डोक्यावर ठेवलेला हात ह्या साध्या वस्तूंमधून आणि कृतींमधून तोच ख्रिस्त आजही आपल्याला हात लावतो. संस्कार हा समारंभ नव्हे, दाखला नव्हे आणि मंत्रतंत्र तर नव्हेच. तो प्रभूचा हात आहे.

हे जर आपण मानतो, तर घाबरण्यासारखे काय आहे? प्रभूचा हात लागला म्हणून कोणी घाबरल्याचे शुभवर्तमानात आपण वाचलेले नाही. घाबरलेच असतील तर ती भुते!

आता ह्या संस्काराचे मूळ कोठे आहे ते पाहू. प्रभूने बारा शिष्यांना पाठवले तेव्हा त्यांनी पुष्कळ आजाऱ्यांना तेल लावून बरे केले असे मार्क सांगतो (६:१३). पुढे याकोबाच्या पत्रात ह्या प्रथेला स्पष्ट रूप आलेले दिसते (५:१४-१५). तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी, ती विश्वासाची प्रार्थना त्याला तारील, प्रभू त्याला उठवील, आणि त्याने पापे केली असतील तर त्यांची क्षमा होईल, अशा आशयाचा तो मजकूर आहे.

घरी गेल्यावर बायबल उघडून ह्या ओळी सावकाश वाचा. दोन गोष्टी डोळ्यांत भरतील. पहिली, याकोब 'आजारी' म्हणतो, 'मरणोन्मुख' म्हणत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि ती आपल्या नजरेतून निसटते. बोलवायचे कोणी? मुलांनी नव्हे, सुनेने नव्हे, शेजाऱ्यांनीही नव्हे. आजारी माणसाने स्वतः बोलवायचे आहे. हा निरोप त्याचा आहे. तो अंथरुणावर असला तरी ह्या संस्कारात पहिले पाऊल त्याने टाकायचे आहे. आपण मात्र त्याची शुद्ध हरपेपर्यंत थांबतो आणि मग त्याच्या वतीने हाक मारतो. म्हणजे जे त्याच्या हक्काचे होते तेच आपण, मायेपोटी का होईना, त्याच्यापासून काढून घेतो.

आणखी एक. प्रभू त्याला 'उठवील' ह्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच पेत्राच्या सासूला प्रभूने उठवले तेथे आहे, आणि तेच प्रभूच्या पुनरुत्थानासाठीही वापरलेले आहे. तेव्हा ह्या संस्काराची दिशा थडग्याकडे नाही.

मग ह्या संस्काराला मरणाची कळा आली कशी? त्यालाही इतिहास आहे. सुरुवातीच्या शतकांत बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल लोक आपल्या घरी नेत आणि दुखण्याखुपण्यात लावत. इ. स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट ह्यांनी लिहिलेल्या एका पत्रात ह्याचा उल्लेख आहे. पुढे काळ बदलला. पापांचे प्रायश्चित्त फार कडक असे, म्हणून लोक ते मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलू लागले, आणि त्याच्याशी जोडलेला अभ्यंगही त्याच्यामागोमाग मरणाच्या खाटेपाशी जाऊन बसला. मध्ययुगात त्याला 'अंतिम अभ्यंग' हे नावच पडले. युरोपात काही ठिकाणी तर अशी समजूत पसरली की, अभ्यंग घेऊन जो बरा झाला त्याने पुन्हा मांस खाऊ नये, अनवाणी चालू नये, संसार करू नये. जणू तो माणूस अर्धा मेलाच! अशा वेळी कोण फादरांना लवकर बोलावणार? आपल्या वाडवडिलांना ही भीती त्याच वाटेने वारशात मिळाली, आणि त्यांच्याकडून ती आपल्याकडे आली.

ख्रिस्तसभेने मात्र ही भीती कधी शिकवलेली नाही. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ह्या संस्काराविषयी मसुदा आला तेव्हा हा संस्कार 'फक्त' शेवटच्या घटका मोजणाऱ्यांनाच द्यावा असे त्यात होते. धर्मपित्यांनी तो 'फक्त' काढून त्या जागी 'विशेषतः' हा शब्द घातला. एका शब्दाचा फरक, पण त्यामुळे दार उघडे राहिले. चारशे वर्षांनंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली स्पष्टच सांगितले की, ह्या संस्काराला 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. आजारामुळे वा म्हातारपणामुळे धोका जाणवू लागला की योग्य वेळ आलेलीच असते. १९७२ साली पोप सहावे पॉल ह्यांनी ह्या संस्काराचा विधीच नव्याने मांडला. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा एकेका अवयवाला तेल लावून त्या त्या अवयवाने केलेल्या पापांची क्षमा मागत. आता कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, आणि पवित्र आत्म्याच्या कृपेने प्रभूने ह्या आजाऱ्याला साहाय्य करावे, त्याला तारावे आणि उठवावे अशी प्रार्थना करतात. म्हणजे याकोबाचेच शब्द पुन्हा आपल्या ओठांवर आले. तेलाच्या बाबतीतही सूट मिळाली. जेथे ऑलिव्हचे तेल मिळत नाही तेथे दुसरे वनस्पतीचे तेल चालते.

एवढे सगळे होऊन पन्नास वर्षे उलटली. कागदावरचे नाव बदलले, पण आपल्या ओटीवर अजून 'शेवटचा तेल' हाच शब्द चालतो.

तेल म्हणजे आपल्याला काय अपरिचित आहे? बाळाला न्हाऊ घालण्याआधी आजी त्याला तेल चोळते. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेणीला आई खोबरेल लावते. दिवसभर वाडीत राबून आलेल्या माणसाचे गुडघे रात्री तेलानेच चोळले जातात. हे सगळे जिवंत माणसासाठी आहे. चांगल्या शोमरोन्यानेही रस्त्यात पडलेल्या त्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला तो त्याला पुरण्यासाठी नव्हे, उतारशाळेत नेऊन जगवण्यासाठी. आणि एक योगायोग पाहा. प्रभू येशू आपल्या मरणाच्या आदल्या रात्री ज्या बागेत घामाघूम होऊन प्रार्थना करत होता तिचे नाव गेथशेमाने, म्हणजे तेलाचा घाणा. ऑलिव्हच्या झाडांखाली तो एकटाच व्याकूळ होता आणि जवळचे मित्र झोपी गेले होते. आपले आजारी माणूसही रात्री दोन वाजता अशाच बागेत असते. त्याला झोप येत नाही, छताकडे बघत ते पडून राहते, आणि घरातले सगळे दमून झोपलेले असतात.

येथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. घरात गेलो की ओटीवरच आम्हांला हळूच सांगितले जाते, "फादर, त्यांना काही सांगू नका हं. सहज भेटायला आलो असे म्हणा." आम्ही आत जातो. थोड्या वेळाने माणसे चहा करायला उठतात आणि आजारी माणूस आमचा हात धरून म्हणतो, "फादर, मला सगळे ठाऊक आहे. पण ह्यांना कळू देऊ नका, सहन नाही व्हायचे त्यांना." हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. एकाच घरात दोन्ही बाजूंनी मायेचा पडदा धरलेला, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे एकटी. आजाराचा कोणता तपशील किती सांगावा हे कुटुंबाने आणि डॉक्टरांनी ठरवावे; त्यात आम्ही पडत नाही. पण हा संस्कार त्या पडद्याला वाट करून देतो. सर्वांनी खाटेभोवती उभे राहून एकत्र प्रार्थना केली, आजाऱ्याने पापनिवेदन केले, तळहात पुढे केले, ख्रिस्तशरीर स्वीकारले, की कोणी काही न बोलताही पुष्कळ काही बोलले जाते. कित्येक घरांत त्यानंतर मुले बापाशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली आहेत. जुन्या वाटणीवरून तुटलेले भाऊ एकमेकांना भेटलेले आहेत. बेशुद्ध माणसाच्या खाटेपाशी हे होणे नाही.

"पण फादर, तेल लावल्यावर बरे वाटेल का?" हा प्रश्नही सरळ विचारला जातो आणि त्याचे उत्तर सरळच द्यायला हवे. कधी कधी शरीरालाही आराम पडतो. देवाची इच्छा असेल तर तो तेही देतो आणि आपण ते मागावे. पण हा संस्कार म्हणजे बरे होण्याची हमी नव्हे. संत पौलाने आपला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिलाच. कृपा मात्र पुरेशी मिळाली (२ करिंथ १२). ह्या संस्कारातून खात्रीने मिळते ते म्हणजे भीतीला आणि निराशेला तोंड देण्याचे बळ, पापांची क्षमा, आणि आपले दुखणे ख्रिस्ताच्या दुखण्याशी जोडले गेल्याचा दिलासा. त्याचबरोबर औषध बंद करू नका. कोणी प्रार्थनेच्या नावाखाली गोळ्या थांबवायला सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. डॉक्टरांचा मान राखावा, त्यांनाही देवानेच नेमले आहे, अशी शिकवण बेन सिराखच्या ग्रंथात (अध्याय ३८) आहे.

तर मग केव्हा बोलवावे? गंभीर आजाराचे निदान झाले की बोलवावे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात भरती होण्याआधी, घरीच किंवा चर्चमध्ये येऊन अभ्यंग घ्यावा. अतिदक्षता विभागात शिरायला आम्हांला नेहमीच परवानगी मिळते असे नाही, आणि मिळाली तरी नळ्या लावलेल्या माणसाला नीट पापनिवेदन करता येत नाही. वयोमानाने खूप थकलेल्या माणसाला विशिष्ट आजार नसला तरी हा संस्कार घेता येतो. समज आलेल्या मुलांनाही तो देता येतो. एकदा घेतला की संपले असेही नाही. बरे होऊन पुन्हा आजारी पडल्यास, किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळल्यास, तो पुन्हा घेता येतो. मुलगा कॅनडाहून किंवा गल्फमधून आल्यावर करू म्हणून थांबू नये. तो आल्यावर घरी प्रार्थना ठेवू या, हवे तर मिस्साही अर्पण करू या. रुग्ण दूर मुंबईच्या इस्पितळात असेल तर तेथील जवळच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना कळवा. अभ्यंग कोणत्याही धर्मगुरूंकडून घेता येतो.

धर्मगुरूंकडूनच, हे मात्र लक्षात ठेवावे. घरोघर आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देणारे आपले प्रापंचिक सेवक-सेविका मोलाचे काम करत आहेत, पण ते अभ्यंग देऊ शकत नाहीत, कारण त्यात पापक्षमा आहे.

मरणाच्या दारी असलेल्यासाठी ख्रिस्तसभेने खास जे राखून ठेवले आहे ते तेल नव्हे, ते ख्रिस्तशरीर आहे. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला आपण शिदोरी बांधून देतो. शेवटच्या ख्रिस्तशरीराचा अर्थ नेमका तोच आहे. आपल्या टॅबर्नॅकलमध्ये ख्रिस्तशरीर राखून ठेवण्याची प्रथाही मुळात आजारी व गैरहजर लोकांपर्यंत ते नेता यावे म्हणूनच सुरू झाली. आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो तो प्रभू तेथे कोणाच्या तरी खाटेकडे जाण्यासाठी तयार बसलेला आहे. ही शिदोरीही गिळता येत असतानाच द्यायची असते. आजारी व वृद्ध माणसाला, आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही, एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही. तेव्हा 'आत्ताच पेज घेतली' म्हणून ख्रिस्तशरीर नाकारू नये.

हे वाचताना काही जणांच्या मनात कळ उठेल ह्याची आम्हांला जाणीव आहे. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत आपल्यातील कित्येकांनी आपली माणसे इस्पितळाच्या दारात सोडली आणि त्यांना पुन्हा पाहिले नाही. ना धर्मगुरू, ना तेल, ना हातात हात. अपघाताने किंवा झोपेत गेलेल्यांची घरेही आपल्यात आहेत. त्यांनी आपल्या जिवाला लावून घेऊ नये. देवाने आपली कृपा संस्कारांना जोडली आहे, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. २० मार्च २०२० रोजी रोमहून निघालेल्या फर्मानात, ज्यांना ऐन मरणवेळी अभ्यंग व ख्रिस्तशरीर मिळू शकत नाही अशांना देवाच्या दयेवर सोपवून ख्रिस्तसभेने त्यांना पूर्ण दंडमुक्ती देऊ केली होती. जो दार बंद असतानाही आत येऊन शिष्यांमध्ये उभा राहिला, त्याला अतिदक्षता विभागाचे दार अडवू शकत नाही. तेव्हा ज्यांना बोलावता आले नाही त्यांच्यासाठी हा लेख नाही. ज्यांना आज बोलावता येईल त्यांच्यासाठी तो आहे.

आणि ज्यांचे प्राण गेले आहेत त्यांना हा संस्कार देता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. प्राण गेला की नाही ह्याची शंका असेल तर मात्र देतो. म्हणून उशीर झाला असे वाटले तरी फोन करा. रात्री-अपरात्री आम्हांला त्रास होईल ह्याचा विचार करू नका. ह्यासाठीच आमच्या तळहातांना गुरुदीक्षेच्या दिवशी तेल लागले आहे.

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्डच्या पवित्र मातेच्या सणाच्या दिवशी, जागतिक रुग्णदिन येतो. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९२ साली तो जाहीर केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. त्या सुमारास चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी मिस्सा असते तेव्हा आपल्या घरातील थकलेल्या माणसांना रिक्षाने का होईना घेऊन या. शेजारच्या घरात एकटी राहणारी म्हातारी असेल तर तिलाही घ्या. पण त्या दिवसाची वाट पाहत बसू नका. वर्षाचे बाकीचे दिवसही आमच्याकडे तेच तेल असते. पवित्र आठवड्यात बिशपांनी सर्व धर्मगुरूंसमवेत आशीर्वादित केलेले, छोट्याशा डबीत ठेवलेले.

फादर येणार त्या दिवशी फारशी तयारी लागत नाही. खाटेजवळ लहानसे टेबल, त्यावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, पेटवलेली मेणबत्ती, पवित्र पाणी आणि थोडा कापूस. टीव्ही बंद करा. आजाऱ्याला आदल्या दिवशीच विचारा, "फादरांना बोलवू का?" बहुतेक जण 'हो' म्हणतात, आणि पुष्कळ जण तर म्हणतात, "मी कधीपासून वाट पाहतोय." पापनिवेदनापुरते सर्वांनी बाहेर जावे, मग पुन्हा आत यावे. आणि नातवंडांना खेळायला पाठवून देऊ नका. आजोबांच्या कपाळावर, तळहातांवर तेल लागताना त्यांना जवळ उभे राहू द्या.